झीलकऱ्याची जागा

मिलिंद कांबळेच्या पहिल्या स्वतंत्र अल्बममधून मी त्याच्या वडिलांना कापून टाकलं. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटरसमोर बसून, चहा पीत, दोन दुपारींत मी ते काम उरकलं आणि वर काम झकास झालं म्हणून स्वतःवर खूश होतो. त्यातून काय घडलं ते कळल्यावरही नऊ महिने मी तोंड उघडलं नाही. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी. मिलिंदविषयी लिहायला बसलोय, तर हे आधी सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं सगळं कौतुक मी कुठल्या तोंडानं करणार?

मंगळवार पेठेत माझा लहानसा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. खाली गादीवाल्याचं दुकान, वर मी. भिंतींना त्याच्याच जुन्या गाद्या ठोकल्यात, त्यामुळे बाहेरचा गोंगाट आत येत नाही आणि उन्हाळ्यात कापसाचा वास येतो. मी संगीतातला माणूस नाही. रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती हा माझा मूळ धंदा. साड्यांचा सेल, सर्कस, निवडणूक, हरवलेली म्हैस, सगळं मी माझ्या आवाजात बोललेलो आहे. त्या कामात एकच गोष्ट शिकायची असते. रिक्षा दारासमोरून जाते तेवढ्या वेळात माणसाच्या कानात सगळं पडलं पाहिजे. मध्ये क्षणभर शांतता राहिली तर रिक्षा पुढे निघून जाते आणि सेल कुठे आहे ते कळतच नाही. त्यामुळे मोकळी जागा दिसली की माझा हात आपोआप ती बुजवतो. वीस-बावीस वर्षांची सवय.

'उभी गल्ली' नावाचा रॅप ग्रुप माझ्याकडे आला तेव्हा मिलिंद त्यात तिसरा होता. विक्रम पुढे उभा राहून म्हणायचा. समीर लॅपटॉपवर ठेके बनवायचा. आणि मिलिंद काय करायचा ते पहिले दोन दिवस मला समजलंच नाही. उंच, वाळका, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेला, नखांत फौंड्रीची काळी वाळू. हातात स्टीलचा डबा. विक्रमच्या गळ्यात साखळी आणि डोक्यावर उलटी टोपी. त्याच्याशेजारी मिलिंद म्हणजे लाइटबिल घेऊन आलेला माणूस वाटायचा. मी त्याला खुर्ची दिली. तो म्हणाला, "नगं काका, मी दाराजवळ बरा हाय," आणि दाराजवळ उभा राहिला.

विक्रम सुरू झाला की मग मिलिंदचं काम कळायचं. विक्रमच्या ओळीचा शेवटचा शब्द आला की तो शब्द मिलिंद मागून उचलायचा. खालच्या, कोरड्या आवाजात, बरोबर त्याच क्षणी. कधी एक शब्द, कधी दोन. मी विचारलं, हे कुठून आणलंस? तर म्हणाला, घरातच होतं. त्याचे वडील, आप्पा, एका शाहिराच्या जलसा-पार्टीत झीलकरी होते. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो, मागे उभे असलेले ओळीचं शेपूट उचलून 'जी जी रं जी' करतात, आणि तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. आप्पांनी तीस वर्षं हेच केलं. चौदा एप्रिलला गावोगावी गाड्या बदलत, रात्रीच्या भाकरी बांधून घेऊन. पुढे एकदाही आले नाहीत. मिलिंद लहानपणी त्यांच्याबरोबर जायचा आणि त्यांच्या मागे उभा राहायचा. म्हणजे मागच्याच्याही मागे.

एकदा मिलिंद तापानं आला नाही आणि विक्रमला एक कडवं सलग म्हणता येईना. दम तुटायचा. तो चार वेळा पाणी प्यायला, त्यानं माईकला नावं ठेवली, माझ्या गाद्यांना नावं ठेवली. शेवटी समीर हळूच म्हणाला, "मिल्या न्हाय ना आज." विक्रमला हे आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगात ताप असतानाच मिलिंद आला, दाराजवळ उभा राहिला आणि कडवं एका दमात झालं.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं, आणि तरी पाच वर्षं मिक्सिंग करताना मी मिलिंदचा आवाज खाली ठेवला. ऐकू यावा न यावा इतका. मागचा आवाज मागेच असतो, असं माझं साधं गणित. त्यानं कधी तक्रार केली नाही. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, कुणीही काही काम सांगितलं की म्हणायचं: "तुमी म्हणा, मी हाय मागं."

ही झील त्याच्या बोलण्यातही होती. तुम्ही त्याच्याशी बोलत असलात की तुमच्या वाक्याचा शेवटचा शब्द तो तुमच्याबरोबर म्हणायचा. मुद्दाम नाही. "आज लई ऊन हाय" म्हटलं की "हाय." "जरा जेवून घेतो" म्हटलं की "घेतो." पहिल्यांदा मला वाटलं हा चेष्टा करतोय. नंतर सवय झाली, आणि मग असं झालं की त्याच्याशी बोलताना मी वाक्याच्या शेवटी नकळत थोडा थांबू लागलो. घरी बायको म्हणायची, तुम्ही हल्ली बोलता बोलता वाट कुणाची बघता?

एकदा खाली गादीवाल्याच्या दारात कुणी पाहुण्यानं बुलेट लावली आणि भांडण जुंपलं. आम्ही दोघं चहाला खाली आलो होतो. गादीवाले ओरडत होते, "काढ म्हटलं की काढायची." मिलिंद बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "काढायची." पाहुणा म्हणाला, "मी काय हितं ऱ्हायला आलोय व्हय?" मिलिंद म्हणाला, "व्हय." दोघंही दचकून त्याच्याकडे वळले. पाहुण्यानं विचारलं, "पावणं, तुमी नक्की कुणाच्या बाजूनं?" मिलिंद लाजून बशीत बघत म्हणाला, "बाजूनं." गादीवाले आधी हसले. मग पाहुणा हसला. बुलेट पाच मिनिटं तिथेच राहिली आणि पाहुणा एक उशी घेऊन गेला.

ग्रुपचं नाव होऊ लागलं. कॉलेजच्या गॅदरिंगना बोलावणी येऊ लागली. एकदा वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात विक्रम माईकसह हवेत, समीर लॅपटॉपमागे, आणि उजव्या कडेला एक कोपर. ते मिलिंदचं. त्यानं ते कात्रण मला दाखवलं. मी म्हटलं, फोटोवाल्याला अक्कल नाही. तो म्हणाला, "न्हाय काका, चांगलं आलंय कोपर." त्यात उपहास नव्हता. पुढे त्याच्या अल्बममध्ये ती ओळ आली:

फोटोत मी हाय बघ, कडंला कोपर दिसतंय
आयला कळालं लगेच, म्हणली ह्यो आपलाच हाय

आई त्याच्या लहानपणीच गेलेली. ती ओळ त्यानं का तशी लिहिली, हे मी विचारलं नाही. त्याला फारसं काही विचारायची मला सवयच नव्हती. तो ऐकणारा, आपण बोलणारे, असं आमचं सगळ्यांचं ठरून गेलं होतं.

मग विक्रम मुंबईला गेला. तिथे कुणीतरी त्याला एकट्याला बोलावलं होतं. भांडण झालं नाही, निरोपाचा वडापावही झाला. समीर एका मोबाइलच्या दुकानात लागला. 'उभी गल्ली' संपली असं कुणी म्हणालं नाही, पण संपली. त्याच सुमारास मिलिंदच्या आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मला हे समीरकडून कळलं. मिलिंद पुढे दिसला तेव्हा मी विचारलं, "आप्पा बरे हायत का?" तो म्हणाला, "हायत." मला वाटलं, झालं विचारून.

चार-पाच महिन्यांनी एका सोमवारी तो एकटाच जिना चढून आला. सोमवारी त्याच्या फौंड्रीला सुट्टी. डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काका, सात गाणी हायत. माझी. घेता का?" मी चकित होऊन हो म्हटलं. तो म्हणाला, नावही ठरलंय, 'मागनं'.

त्याच्याकडे वही नव्हती. सगळं पाठ. समीरनं रविवारी बसून ठेके करून दिले होते. मी म्हटलं, ये माईकसमोर. तो आला, उभा राहिला आणि त्याला काही म्हणता येईना. दोन-तीन वेळा खाकरला. मग म्हणाला, "दाराजवळ उभारू का?" शेवटी मी माईक उचलून दाराजवळ नेला. तेव्हा मला वाटलं की मी केवढं मोठं मन दाखवतोय.

दाराजवळ तो खुलला. पाच वर्षं दुसऱ्याच्या शब्दांची टोकं सांभाळलेला माणूस स्वतःचं बोलू लागला की काय होतं, ते मी सात सोमवार बघितलं. घाई नाही, आव नाही. मुंबईचं काही उसनं नाही. फौंड्रीतली वाळू, पहिल्या पाळीचा भोंगा, बसमध्ये उभ्यानं झोपणारी माणसं, बापाचं अंग पुसणं. एक ओळ अशी होती:

दिसभर साच्यात वाळू भरली, सांजंला अंगातनं झाडली
एवढीशी डोळ्यात ऱ्हायली, तीच घेऊन झोपलो

ही ओळ झाली तेव्हा मी हेडफोन काढून थोडा वेळ खिडकीकडे बघत बसलो.

पण एक गोष्ट मला खटकत होती. प्रत्येक दोन ओळींनंतर तो थांबायचा. ठेका चालू, हा गप्प. चार मात्रा. त्या चार मात्रांत तोंड मिटून डावीकडे खाली, कमरेएवढ्या उंचीवर, काहीतरी बघायचा. तिथे माझ्या स्टुडिओत जुना टेबलफॅन होता. मग पुढची ओळ. मी म्हटलं, "मिलिंद, सलग म्हण की." तो म्हणाला, "सलगच म्हणतोय." मी म्हटलं, "मध्ये रिकामं ऱ्हातंय ते?" तो म्हणाला, "जागा हाय ती, काका."

एवढंच म्हणाला. मी ऐकलं आणि पुढे विचारलं नाही. मला वाटलं, एकट्यानं म्हणायची सवय नाही, दम खातोय. विक्रमचा दम राखता राखता ह्याला स्वतःचा दम राखता येईना, असा विनोदही मी मनातल्या मनात केला.

शेवटचं गाणं झालं त्या आठवड्यात आप्पांना पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. मिलिंदनं फोन केला, म्हणाला, मला आता यायला जमायचं नाही, पुढचं तुम्ही आणि समीर बघा, तुमच्यावर हाय. मी म्हटलं, काही काळजी करू नकोस.

आणि मी बसलो. सात गाण्यांतल्या सगळ्या मोकळ्या चार-चार मात्रा एकेक करून कापल्या आणि ओळी एकमेकींना भिडवल्या. गाणी आखूड झाली, पण धावायला लागली. माझ्या कानाला ती खूप बरी वाटली, कारण आता त्यांतून रिक्षा कुठेच निघून जात नव्हती. मिलिंदचा आवाज या वेळी मी अगदी पुढे ठेवला. पाच वर्षांचं देणं फिटलं, असंसुद्धा मला वाटलं. समीरनं अल्बम इंटरनेटवर चढवला.

अल्बम चालला. शिवाजी पेठेतल्या तालमींत वाजला, फुटबॉलच्या मैदानावर मॅच सुरू व्हायच्या आधी वाजला. पोरं लिहायची, हा गडी श्वास कधी घेतो? माझं नावही होत गेलं. सांगली-साताऱ्याचे ग्रुप येऊन म्हणायचे, आम्हाला 'मागनं'सारखं टाइट पाहिजे. मी मान डोलवायचो आणि हे पानपट्टीवाल्यालासुद्धा ऐकवायचो.

मिलिंदचा मात्र फोन नाही. आप्पा दवाखान्यातून घरी आल्याचं समीरनं सांगितलं, तेव्हा मी पेढे घेऊन त्याच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर. दार उघडंच होतं. आत शिरताच डावीकडे खाट, खाटेवर भिंतीकडे तोंड करून आप्पा. समोर ओट्याशी मिलिंद भात गाळत होता. "या काका," म्हणाला. मी पेढे पुढे केले, म्हटलं, सगळ्या कोल्हापुरात तुझंच वाजतंय. 'वाजतंय' तसंच हवेत राहिलं. त्यानं ते उचललं नाही, हे माझ्या लक्षात आलं, पण अर्थ लागला नाही.

शेजारच्या सुमनमावशी आत आल्या. मिलिंद कामावर गेला की दिवसभर आप्पांकडे त्याच बघतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमीच व्हय ते रेकॉर्डिंगवालं?" मी हो म्हटलं. "म्हाताऱ्याचं त्वांड बंद केलासा की ओ."

मिलिंद म्हणाला, "मावशी, ऱ्हाऊ द्या." मावशी राहू देणाऱ्या नव्हत्या. मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

झटक्यानंतर आप्पांना एक शब्द बोलता येत नव्हता. पाणी पाहिजे म्हणता येत नव्हतं, पोराचं नाव घेता येत नव्हतं. एका संध्याकाळी मिलिंद भाकरी थापता थापता स्वतःशी काहीतरी म्हणत होता, आणि ओळ संपून तो थांबला तेव्हा खाटेवरून आवाज आला. "जी." मिलिंदनं पुन्हा ओळ म्हटली, पुन्हा थांबला. पुन्हा "जी." बोलणं गेलं होतं, झील गेली नव्हती. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, हे रोज करा, जितकं होईल तितकं करा, ह्या वाटेनं शब्द परत येतात कधीकधी. म्हणून मिलिंदनं गाणी रचली. दोन ओळी, मग आप्पांची जागा. 'जी'वरून आप्पा ओळीच्या शेवटच्या शब्दापर्यंत आले होते. एकदा 'वाळू' म्हणाले होते. पण मिलिंद सकाळी सातला जाणार, संध्याकाळी परतणार. मधले दहा तास आप्पांना ओळ कोण टाकणार? म्हणून अल्बम. मावशींच्या मोबाइलवर दिवसभर लावून ठेवायचा होता.

अल्बम आला त्या दिवशी मावशींनीच लावला. गल्लीतली माणसं दारात जमली. मिलिंदनं आप्पांना उठवून उशीला टेकवून बसवलं. पहिल्या दोन ओळी झाल्या, आप्पांनी तोंड उघडलं, आणि 'जी' पुरती बाहेर पडायच्या आत पुढची ओळ त्यांच्यावर येऊन आदळली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. चारचौघांसमोर चौथ्यांदा तसं झालं तेव्हा आप्पांनी डाव्या हातानं तोंड झाकलं.

"पार्टीत एकच कायदा व्हता," मावशी म्हणाल्या. "शाहिराच्या तोंडावर झील टाकायची न्हाय. तीस वर्सांत ह्यांची एकदा चुकली न्हाय. त्यास्नी वाटलं, आपलं त्ये बी गेलं."

त्या दिवसापासून आप्पा भिंतीकडे तोंड करून होते. मिलिंद घरी ओळ टाकून थांबला तरी गप्प. पोरगा समजावायचा, आप्पा तुमचं न्हाय चुकलं, रेकॉर्डिंगमधी चुकलंय. पण आप्पांना वाटायचं, पोरगा मन राखायला बोलतोय.

मी तिथे, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन, काय बोललो असेन? मी म्हणालो, "तरी पण मिलिंद, आवाज फार छान लागलाय तुझा." मिलिंद म्हणाला, "लोकांस्नी आवडलंय काका, ऱ्हाऊ दे." आणि मी खरंच राहू दिलं. चहा न घेता निघालो.

नऊ महिने. या काळात तो दोनदा भेटला, एकदा बसस्टॉपवर, एकदा समीरच्या दुकानात. बोलला नीट. तब्येत विचारली. माझा मात्र एकही शब्द त्यानं मागून उचलला नाही. मी वाक्य संपवून थांबायचो, ते तसंच उघडं पडायचं. समीरशी बोलताना तो उचलत होता, मी बघितलं. रागावला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. इकडे स्टुडिओत नवे ग्रुप येतच होते, तसलंच टाइट मागत होते, आणि मी तसलंच कापून देत होतो. कुणी 'मागनं'चं कौतुक केलं की मी विषय बदलायचो. एवढाच माझा पश्चात्ताप.

मग एक बाई पिशवीभर जुन्या कॅसेट घेऊन आल्या. वडिलांच्या होत्या, कॉम्प्युटरवर घेऊन पाहिजेत म्हणाल्या. त्यांचे वडील म्हणजे आप्पांचे शाहीर. कॅसेटच्या वेष्टणावर शाहिराचं नाव मोठं, ढोलकीवाल्याचं लहान, आणि खाली 'व साथीदार'. मी टेप लावली. शाहिराचा खडा आवाज, दोन ओळी, आणि मागून झील. तीन-चार जण असावेत, पण त्यांत एक आवाज खालचा, कोरडा, अगदी नेमका. मी खुर्चीत ताठ बसलो. मिलिंदच होता तो, तीस वर्षं आधीचा.

मी शाहिराच्या दर दोन ओळींनंतरची जागा मोजली. चार मात्रा. मिलिंदची मूळ रेकॉर्डिंग उघडली आणि शेजारी ठेवून बघितली. शाहीर जेवढा थांबायचा तेवढंच मिलिंद थांबला होता, प्रत्येक गाण्यात, केसाचाही फरक नाही. आणि तो डावीकडे खाली कुठे बघत होता तेही तेव्हा कळलं. ओट्याशी उभं राहिलं की खाट डावीकडे येते.

मूळ फायली मी कधीच पुसत नाही. तेवढं एक चांगलं. पुढचे तीन दिवस दुसरं काम न घेता मी कापलेली प्रत्येक जागा परत घातली.

सोमवारी गेलो. घर तसंच होतं. मिलिंद ओट्याशी लसूण सोलत होता, मावशी दारात तांदूळ निवडत होत्या, आप्पा भिंतीकडे. मी खाटेजवळ जमिनीवर बसलो, छोटा स्पीकर ठेवला आणि पहिलं गाणं लावलं. दोन ओळी झाल्या, आणि जागा आली. ठेका एकटाच चालत राहिला. मिलिंदचे हात थांबले. आप्पा हलले नाहीत. पुढच्या दोन ओळी, पुन्हा जागा. आप्पांचा खांदा किंचित हलला, पण आवाज नाही. तिसऱ्या जागेला मला कळलं की नुसतं गाणं दुरुस्त करून भागणार नाही. मी गाणं बंद केलं.

"आप्पा," मी म्हटलं, "जय भीम. मी रेकॉर्डिंगवाला. मागं तुम्ही सगळ्यांसमोर झील टाकली, ती शाहिराच्या तोंडावर पडली नव्हती. तुम्ही बरोबर जागेवर आला होता. ती जागा तुमच्या पोरानं तुमच्यासाठी ठेवली होती. मी ती कापून टाकली. त्यानं मला सांगितलं होतं, जागा हाय म्हणून. मी ऐकलं न्हाय. कळल्यावर नऊ महिने तोंड लपवून बसलो. तुमची एकदाही चुकली न्हाय आप्पा. माझं चुकलं."

मावशींच्या सुपातला तांदूळ थांबला. मग ओट्याकडून, माझ्या पाठीमागून, खालच्या कोरड्या आवाजात आलं:

"चुकलं."

मी वळून बघितलं नाही. वळलो असतो तर मी पुन्हा काहीतरी बोलून ती जागा बुजवली असती. मी खाटेकडे बघत राहिलो. आप्पांची मान हळूहळू उशीवर फिरली, अर्धीच, छताकडे. डावा हात ठेका धरत चादरीवर एकदा आपटला, पुन्हा एकदा आपटला. आणि चौथी मात्रा सरायच्या आत ते म्हणाले:

"जी."